मराठी दालनाची भिंत

राव मॅडम स्वतः घरी येणार म्हटल्यावर वंदना दुर्गहून सकाळीच माहेरी येऊन बसली होती. अबोली रंगाची साडी नेसलेली, खांद्याला मोठी कापडी पिशवी, आणि पिशवीत निवडून आणलेली आपली जलरंगातली चित्रं. सप्तवर्ण कलाभवनाच्या मॅडम भिलाईच्या वैशाली नगरात, या घरी, आणखी कशासाठी येतील?

तिला तसं वाटायला कारणही होतं. टाउनशिपमधल्या एका बंद पडलेल्या शाळेत कलाभवन सुरू झालं तेव्हापासून ती दर रविवारी तिथे मुलांना चित्रकला शिकवत होती. स्टील प्लांटच्या नोकरीसाठी देशभरातून भिलाईत आलेल्या माणसांनी ट्रंकांबरोबर आपापली कलाही आणली होती. ती सगळी एका छताखाली नांदावी म्हणून राव मॅडमनी ही संस्था उभी केली होती. उडिया दालन झालं, तेलुगू झालं, बंगाली, पंजाबी, मल्याळी झालं. छत्तीसगढी दालन बघायला तर शाळांच्या सहली येऊ लागल्या. आता मराठी दालनाची पाळी होती. वंदनाकडे चित्रकलेची पदवी होती, शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून नाव होतं. मराठी दालन म्हणजे आपणच, हे तिने मनात कधीच धरून ठेवलं होतं.

मॅडम आल्या, पाणी प्यायल्या आणि वंदनाच्या वडिलांकडे वळून म्हणाल्या, "दादाजी, सुना है आप नाटक के परदे बनाते हैं. वही देखने आई हूँ."

पिशवीचे बंद सोडायला निघालेली वंदनाची बोटं तिथेच थांबली.

देवाजी कापगते मूळ लाखांदूरकडचे. तिकडे झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव नाटकं उभी राहतात, आणि त्या नाटकांचे पडदे रंगवणारा तरुण म्हणून देवाजींना पंचक्रोशी ओळखत होती. दरबाराचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा. पुढे ते प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसला लागले आणि भिलाईचेच झाले, पण पडदे सुटले नाहीत. रिटायर झाल्यावर तर गावाकडच्या मंडळ्यांची कामं पुन्हा येऊ लागली. मग एका सकाळी लकवा मारून गेला. उजवा हात तेव्हापासून मांडीवर पडून असायचा, दुसऱ्या कुणाचा ठेवायला दिल्यासारखा.

दिवाकर आणि गीता यांनी मागच्या खोलीतून गुंडाळी आणली. हॉल अपुरा पडला म्हणून सगळे गच्चीवर गेले. दिवाकर हा वंदनाचा धाकटा भाऊ, रेल मिलमध्ये होता. गीता त्याची बायको, कुरुदच्या छत्तीसगढी साहूंची मुलगी. हे लग्न झालं तेव्हा देवाजींनी मुलाशी बोलणं टाकलं होतं, आणि नातीच्या बारशाला ते पुन्हा सुरू झालं होतं. आता तर 'गीता' ही हाक त्यांच्या तोंडून दिवसभर ऐकू यायची.

पडदा उलगडत गेला तशी गच्ची हिरवी झाली. साग, मोह, बांबूची बेटं, त्यांच्यामागे नवेगावचा तलाव आणि तलावावर मावळतीचा उजेड. लांबून पाहिलं तर झाडांमधून आत चालत जावंसं वाटत होतं. राव मॅडम पडद्याच्या कडेने एक फेरी मारून आल्या.

"किसने बनाया?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मी बोलतो, सून काढते," देवाजी म्हणाले. "चुकली तं चिल्लावतो." मग त्यांनी तेच मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं आणि स्वतःच हसले.

गीता अनवाणी पडद्यावर गेली, तलावाजवळ उकिडवी बसली आणि मॅडमना दाखवू लागली: पावडरचा रंग सरसात कसा कालवायचा, ओला असताना तो गडद दिसतो पण वाळल्यावर फिका होतो, म्हणून आधीच अंदाज कसा धरायचा. दुर्गच्या कॉलेजात एम.ए. झालेली गीता बोलायला पहिल्यापासून चांगली होती. मॅडम तिच्या शेजारी खाली बसल्या. दोघींची डोकी एकमेकींजवळ आली.

वंदना चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती, आणि तिला लहानपणीच्या, सेक्टरमधल्या क्वार्टरचं अंगण दिसत होतं. मराठी मंडळाचा पडदा अंगणभर पसरलेला, बाबा त्यावर ओणवे. फ्रॉकमधली वंदना ब्रश घेऊन मोठ्या उत्साहाने आत पाऊल टाकते, आणि बाबा ओरडतात, "मागं हो! पोरीनं पडद्यावर पाय द्याचा नसते. रंगदेवता असते थे!" त्यानंतर ती कडेला उभी राहून रंगाचे डबे देत राहिली. पुढे पुस्तकं बघून शिकली, हट्टाने पदवी घेतली. पण पडद्यावर पाय टाकला नाही तो नाहीच.

आणि आता ही कुरुदची पोरगी, पायांत जोडवी घालून, अख्ख्या तलावावर बसली होती.

"यह हमारे मराठी दालन की सामनेवाली दीवार पर लगेगा," राव मॅडम उठत म्हणाल्या. "दोनों के नाम से. और गीता, उद्घाटन के दिन तुम सबके सामने काम करके दिखाओगी."

"मॅडम, मैं भी कुछ चित्र लाई थी," वंदना म्हणाली.

"हाँ हाँ, वंदनाजी, आप तो घर की हैं. आपके अगले साल देखेंगे."

घरची! वंदनाने ट्रे कठड्यावर ठेवला. चहा बशीत सांडला होता.

मॅडमना गाडीपर्यंत सोडायला तीच गेली. खरं तर सई जात होती, दिवाकरची कॉलेजातली मुलगी. पण वंदनाने तिला मागे फिरवलं. गाडीचं दार उघडल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, एक बात थी. बुरा मत मानिएगा. गीता मराठी नहीं है. कुरुद की है. हमको तो कोई फर्क नहीं पड़ता, पर मराठी दालन में उसका नाम लगेगा तो समाज के लोग पूछेंगे."

शाळेत पालकांना मुलाचे मार्क सांगताना ती ज्या आवाजात बोलायची, तोच हा आवाज होता. काळजीचा, गोड. राव मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, "अच्छा," एवढंच म्हणाल्या, आणि गाडी निघून गेली.

वंदनाला एकदम हलकं वाटलं. दुर्गला परत जाताना ऑटोत ते हलकेपण कुठेतरी उतरून गेलं. तरी फोन करून बोललेलं परत घ्यावं असं काही तिला वाटलं नाही.

आठवडा सरायच्या आत दिवाकरचा फोन आला. "ताई, संध्याकाळी ये. बाबांनी बोलावलं."

ती पोचली तेव्हा हॉलमध्ये सगळे जमले होते. देवाजी खिडकीजवळच्या खुर्चीत होते, आई, म्हणजे कौशल्याबाई, पलंगावर. दिवाकर ड्यूटीवरून आलेला, अजून प्लांटचे बूट पायांत. गीता दाराला टेकून उभी. सईने आत्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

"राव मॅडमचा फोन आला होता," दिवाकर म्हणाला. "कमिटीनं ठरवलं म्हणे, ज्या समाजाचं दालन त्याच समाजाचे कलाकार. पडदा घेतील, पण नाव फक्त बाबाचं. गीताले पुढच्या वर्षी छत्तीसगढी दालनात जागा देतील. म्हणे, तिनं तिच्या कल्चरचं काहीतरी काढावं."

"आणि?" वंदनाने विचारलं.

"आणि मॅडम म्हणाल्या, वंदनाजींनी वेळेवर सांगितलं म्हणून बरं झालं."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

कौशल्याबाईंनीच पहिल्यांदा तोंड उघडलं. "नाव बाबाचंच लागून राहिलं ना? घरातलंच हाय ते. वंदीनं काय खोटं सांगतलं?"

"आजी, तू भी ना!" सई उसळली. "आख्खा पडदा मम्मीनं रंगवला. घुटने छिल गए उसके. और नाम की बारी आई तो बोले, तुम मराठी नहीं हो?"

"सई, मोठ्यायमंधी बोलू नको," दिवाकर म्हणाला. मग बायकोकडे न बघता त्याने पुढे रेटलं, "जाऊ दे ना गीता. बाबाचं नाव लागलं तं लागलं. कमिटीसंगं कोन भांडन?"

गीता दारापासून सरळ झाली. "तुमी बी?" ती म्हणाली. "लग्नाच्या येळी आख्ख्या जातीसंगं भांडले होते तुमी. ही कमिटी त्याच्याहून मोठी हाय का?"

दिवाकर बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"माह्यं कल्चर काढावं म्हणे," गीता वंदनाकडे वळली. "ताई, कोनतं काढू सांगा. कुरुदले गेली तं माही भाभी म्हणते, आ गई मराठिन. सई झाली तवापासून या घरात मराठी बोलून राहिली मी. सपनं बी मराठीत पडतात मले. आता तुमी सांगता मी तुमची नाही. मंग मी जाऊ कुठं?"

"मी फक्त खरं तेवढं बोलली," वंदना म्हणाली. "लोक उद्या बोललेच असते."

"लोक नाही बोलले. तुमी बोलल्या."

वंदना वडिलांकडे वळली. इतकी वर्षं आत दाबून धरलेलं वर आलं ते तिलाही आवरता आलं नाही.

"बाबा, तुमी सांगा. मले कावून नाही शिकवलं? मी पोरगी होती म्हणून पडद्यावर पाय द्याचा नसते. मंग हे कोन हाय? हे पोरगी नाही का? हिच्या पायानं रंगदेवता बाटत नाही, माह्याच पायानं बाटत होती? पदवी घेतली, बक्षिसं आणली, एक दिवस तुमी माहं चित्र पाहाले आले नाही. अन् हिले मांडीवर बसवल्यासारखं शिकवून राहिले!"

"वंदे!" कौशल्याबाई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात दटावणी कमी होती. त्याही नवऱ्याकडेच बघत होत्या.

देवाजींनी डाव्या हाताने उजवा हात उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवला.

"गीताले म्या शिकवलं नाही," ते म्हणाले. "लकवा झाला तवा नाटक मंडळवाल्या नरेशचा पडदा अर्धा पडला होता. मी इथं बसून रडून राहिलो होतो. हिनं मले विचारलं नाही, ब्रश उचलला अन् गेली पडद्यावर. म्या थांबवलं नाही. कावून थांबवू? मले गरज होती."

"अन् माह्या येळी?"

"तुह्या येळी माहा हात चालत होता, माय."

ते इतकं सरळ बोलले की वंदनाला आधी कळलंच नाही. मग कळलं. रंगदेवता वगैरे काही नव्हतं. त्यांना तिची गरज नव्हती, एवढंच. याहून त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"थे चूकच होती," देवाजी म्हणाले. "पण हिच्या जागी तू बसाले पाह्यजे होती म्हणून मी हिले उठवणार नाही."

कौशल्याबाई पलंगावरून उठल्या. वंदनाला वाटलं, आई आपल्याकडे येतेय. पण त्या गीताजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "या माणसाले आंघोळीच्या पाटावर बसवाचं म्हणजे दोघी लागतात वंदे," त्या म्हणाल्या. "माही दुसरी हे हाय. हिले परकी म्हणू नको माह्यापुढं."

"पडदा भवनात जात नाही," देवाजी म्हणाले. "दिवाकर, नरेशले फोन लाव. पिकअप घेऊन ये म्हणा. जंगलाचा पडदा पाह्यजे होता त्याले."

वंदना जेवायला थांबली नाही. तिला कुणी थांब म्हटलंही नाही.

आणि मग, दिवाळीच्या आधी, राव मॅडमचा तिला फोन आला. दादाजींनी पडदा द्यायला नकार दिला, उद्घाटनाची तारीख तर ठरलेली, समोरची भिंत रिकामी. वंदनाजी, आपके चित्र मिल सकते हैं?

"हां म्हटलंस?" फोन ठेवल्यावर तिच्या नवऱ्याने, शामसुंदरने विचारलं.

"कावून नाही म्हणू?"

"म्हणता आलं असतं," तो म्हणाला आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. ती पूर्ण दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिने चित्रं नव्या फ्रेममध्ये घातली. सगळी पाण्याची होती. शिवनाथ नदीचा घाट, मरोदाचं धरण, दुर्गच्या तलावावरचं धुकं, रस्त्यावर साचलेल्या पाण्यात पडलेलं प्लांटच्या धुराड्यांचं प्रतिबिंब. ती चांगली होती, हे तिला ठाऊक होतं. भिंतीवर लागली तेव्हा तिने लांब उभं राहून पाहिलं. जे हवं होतं ते मिळालं होतं, तिच्या एकटीच्या नावानिशी. तरी तिथे तलावाचा पडदा असता तर कसा दिसला असता, हेच तिच्या डोळ्यांपुढे येत राहिलं.

दिवाळीनंतर झालेल्या उद्घाटनाला माहेरचं कुणी येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण भाषणं संपून लोक दालनांतून पांगले, तेव्हा दारातून देवाजी आत आले, एका बाजूने दिवाकरचा, दुसऱ्या बाजूने गीताचा आधार घेऊन. मागून कौशल्याबाई आणि सई.

कौशल्याबाईंनी आत आल्या आल्या सईचा मोबाइल हातात घेतला आणि त्यातला एक व्हिडिओ भेटेल त्या ओळखीच्या बाईला दाखवायला सुरुवात केली. लाखांदूरकडच्या एका गावातला नाटकाचा खेळ होता. मांडव माणसांनी भरलेला, आणि नवेगावच्या तलावापुढे नायिका उभी राहून गात होती. पडद्याच्या कोपऱ्यात ठसठशीत अक्षरं: देवाजी व गीता कापगते, भिलाई. राव मॅडमनीही तो व्हिडिओ पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला.

"यह तो हमारे यहाँ होना था," त्या म्हणाल्या. मग वंदनाकडे पाहून, फारसा आवाज न चढवता म्हणाल्या, "हमसे भी गलती हुई. हमने कमरे बनाए और समझे कि लोग भी वैसे ही अलग-अलग रहते हैं."

'हमसे भी' यातला 'भी' वंदनाला नेमका लागला. तिने सगळ्यांच्या खांद्यांवरून वाकून व्हिडिओ पाहिला. ती त्या मांडवातली डोकी मोजू लागली. आपल्या चित्रांपुढे लोक क्षणभर थांबत होते, 'अच्छा है' म्हणून पुढे जात होते.

देवाजी मात्र थांबले होते. मरोदाच्या चित्रापुढे. त्यांनी दिवाकरचा हात सोडला, मान पुढे काढली, मागे घेतली. एकेक चित्र करत ते आख्खी भिंत फिरले, आणि परत मरोदापाशी आले.

"हे तू काढलं?"

"हो."

"पाण्यात उजेड कसा ठेवला?"

"कागद तेवढा कोराच सोडला, बाबा. रंग लावलाच नाही."

देवाजी चित्राच्या आणखी जवळ गेले. मग म्हणाले, "हे मले कधी जमलं नाही. मी पांढरा वरून लावत होतो. म्हणून माहं पाणी नेहमी खडूसारखं दिसलं."

फ्रॉकमधल्या वयापासून जे ऐकायची वंदना वाट पाहत होती ते हेच होतं. ती काही बोलणार, तोच देवाजींनी मान वळवली.

"गीता, इकडं ये. हे पाह्य. नीट पाह्य. असं पाणी जमलं पाह्यजे तुले."

वंदनाला हसावं की रडावं कळेना. आयुष्यात एकदा बाबांनी तिचं कौतुक केलं, आणि तेही सुनेला धडा म्हणून देऊन टाकलं. तिने गीताकडे पाहिलं. ही आता गोड बोलेल, ताई ताई करेल, आणि आपल्याला ते सोसावं लागेल.

गीताने चित्र पुष्कळ वेळ पाहिलं. मग ती वंदनाजवळ आली आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "ताई, मी तुमाले माफ नाही केलं."

"मी माफी मागितली नाही," वंदना म्हणाली.

"नरेशभाऊले तलावाचा अजून एक पडदा पाह्यजे. मामाजीच्या डोक्यात पाणी बसलं आता, थे मले सोडणार नाहीत. कापडावर कोरी जागा सोडता येते का?"

"सोडता येते. पण आधी ठरवावं लागते. मागून नाही जमत."

"शिकवता?"

वंदनाने सासऱ्या-सुनेकडे पाहिलं. देवाजी तोवर मागून येऊन गीताच्या खांद्यावर डावा हात टेकून उभे होते. तिच्या आत काहीतरी चटकन पेटलं, नेहमीसारखंच.

"मी जळते तुह्यावर," ती म्हणाली. "आता बी जळून राहिली."

"दिसते मले."

"शिकवताना बी जळीन."

"जळा," गीता म्हणाली. "मले पाणी पाह्यजे."

वंदनाने मरोदाची फ्रेम किंचित वाकडी झाली होती ती सरळ केली. "मंगळवारी मले सुट्टी असते," ती म्हणाली. "दुर्गले ये. अन् वेळेवर ये, मले थांबाची सवय नाही."

मग ती दाराकडे गेली. कुणीतरी पाहुणे आले होते आणि त्यांना या चित्रांची चित्रकार कोण, ते जाणून घ्यायचं होतं.